विश्लेषण : बॅकअप आहे, पण परत मिळेल का? यंत्रांच्या साठवलेल्या प्रमाणपत्रांकडे लक्ष का हवे?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत देहूरोडला दुकान आणि चिंचवडला गोदाम, किंवा देहूरोडला कार्यालय आणि तळेगाव एमआयडीसीत कारखाना, अशी विभागणी असलेले व्यवसाय या पट्ट्यात अनेक आहेत. दिवसभराची बिले, जीएसटीचे हिशेब, कामगारांची हजेरी रात्री एका ठिकाणच्या संगणकावरून दुसऱ्या ठिकाणी जाते. सकाळी स्क्रीनवर हिरवी खूण दिसली की बॅकअप झाला. पण समोरचे यंत्र आपलेच आहे, हे पाठवणाऱ्या यंत्राने कशावरून ठरवले? याचे उत्तर दोन्ही यंत्रांनी एकमेकांच्या साठवून ठेवलेल्या डिजिटल प्रमाणपत्रांत असते, आणि बहुतेक ठिकाणी त्या साठ्याकडे पहिल्या दिवसानंतर कोणी पाहिलेले नसते.

यंत्राचे प्रमाणपत्र म्हणजे काय?

यंत्राचे ओळखपत्रच. त्यावर यंत्राचे नाव, सार्वजनिक की, वैधतेची मुदत आणि देणाऱ्याची डिजिटल सही असते. त्याच्या जोडीची खासगी की यंत्रातच राहते, ती कोणाला द्यायची नसते. जोडणी होताना समोरचे यंत्र नुसते ओळखपत्र दाखवत नाही, खासगी की आपल्याकडे आहे हेही गणिताने सिद्ध करते. नाव किंवा आयपी अ‍ॅड्रेस ही दारावरची पाटी झाली. ती कोणीही लावू शकतो.

बँकेची वेबसाइट उघडताना फक्त वेबसाइट आपले प्रमाणपत्र दाखवते, आपला मोबाइल दाखवत नाही. बॅकअपमध्ये दोन्ही बाजूंनी ओळख पटणे गरजेचे असते. बनावट यंत्र बॅकअप सर्व्हर म्हणून उभे राहिले, तर रोज रात्री आपणच आपला डेटा त्याच्या हवाली करू. उलट कोणी आपल्या लेखा विभागाचा संगणक असल्याचे सोंग घेतले, तर तो सर्व्हरकडे पगारपत्रकाची जुनी प्रत मागू शकतो. चोराला दहा संगणक फोडण्यापेक्षा सगळ्यांच्या प्रती असलेले एक यंत्र फसवणे सोयीचे.

विश्वास नेमका कशावर?

मोठ्या संस्थांत एक अधिकृत सर्व्हर सगळ्या यंत्रांना प्रमाणपत्रे देतो आणि त्याची सही असलेल्या यंत्रालाच बाकीचे ओळखतात. लहान कार्यालयांत बहुधा दुसरी पद्धत असते. पहिल्या जोडणीच्या वेळी समोरच्या यंत्राचे प्रमाणपत्र किंवा त्याचे फिंगरप्रिंट, म्हणजे त्यापासून काढलेली 64 अक्षरांची खूण, साठवून ठेवायची आणि पुढे रोज तीच जुळवायची. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर स्वतःच सही केलेल्या प्रमाणपत्रावर चालत असेल, तर त्याच्याशी जोडताना असेच फिंगरप्रिंट नोंदवावे लागते. एसएसएच वापरणाऱ्यांना ‘समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे’ हा इशारा परिचयाचा असेल.

हा इशारा दोन कारणांनी येतो. प्रमाणपत्र नवे झाले असेल, किंवा मध्ये कोणी घुसले असेल. कोणते कारण खरे, हे संगणकाला कळत नाही. त्यासाठी तळेगावच्या माणसाला फोन करून ती 64 अक्षरे वाचून घ्यायला हवीत. ज्या नेटवर्कबद्दलच शंका आहे, त्यावरूनच आलेल्या ई-मेलवर विसंबून चालत नाही. प्रत्यक्षात मात्र ‘होय, विश्वास आहे’ हे बटण दाबून लोक मोकळे होतात. दोन मिनिटांचा फोन टाळण्यासाठी घेतलेली ही जोखीम मला तरी समजत नाही.

प्रत कोणाकडून आली, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. देहूच्या तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते, त्या संताजी जगनाडे यांची समाधी याच मावळातल्या सुदुंबऱ्याला आहे. शंकर पांडुरंग पंडितांनी 1869 पासून सरकारी मदतीने गाथा छापली, तेव्हाही वेगवेगळ्या ठिकाणची हस्तलिखिते पडताळून पाहावी लागली होती.

बॅकअप वाचला तर काय वाचते?

23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे 1.3 टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला. नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. शेवटी ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. नेटवर्कची नीट विभागणी नसल्याचेही तेव्हा समोर आले. कोणत्या यंत्राने कोणाशी बोलावे, याला बॅकअपच्या बाबतीत इतके महत्त्व का, ते यावरून लक्षात यावे.

जुनी प्रमाणपत्रे कुठे अडकतात?

शाखा बंद होते, लॅपटॉप विकला जातो, संगणक सांभाळणारा मुलगा नोकरी सोडतो. बॅकअपच्या वेळापत्रकातून यंत्राचे नाव निघते, पण विश्वासू यंत्रांच्या यादीतून निघतेच असे नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. विकलेल्या लॅपटॉपच्या डिस्कवर खासगी की तशीच राहिली असेल, तर नवा मालक आपल्या सर्व्हरसाठी अजूनही ‘घरचा’ असतो. केंद्रीय पद्धतीत असे प्रमाणपत्र रद्द करता येते, मात्र रद्द झालेल्यांची यादी प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचायला हवी. फिंगरप्रिंटच्या पद्धतीत ते प्रत्येक यंत्रावर जाऊन हाताने पुसावे लागते.

इथे एक सावधगिरी हवी. जोडणीसाठीचे प्रमाणपत्र काढले म्हणून त्या यंत्राच्या जुन्या बॅकअप प्रती काढायच्या नसतात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. शिवाय काही व्यवस्थांत बॅकअप वेगळ्या कीने कुलूपबंद केलेला असतो. साफसफाईच्या भरात ती कीही पुसली, तर प्रती डिस्कवर असूनही कधीच उघडणार नाहीत. ओळख पटवणारी की कोणती आणि कुलपाची कोणती, हे आधी लिहून काढावे, मग पुसावे.

मुदत संपली तर?

6 डिसेंबर 2018 रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या सुमारे 3 कोटी 20 लाख ग्राहकांची डेटा सेवा कोलमडली. 3 फेब्रुवारी 2020 रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स याच कारणाने काही तास बंद पडले. बॅकअपचे दुखणे अधिक गुपचूप असते. सेवा बंद पडली तर ग्राहक ओरडतात, रात्रीचा बॅकअप थांबला तर कोणालाच कळत नाही.

नेटबॅकअपमध्ये यंत्रांना मिळणारी प्रमाणपत्रे वर्षभर चालतात आणि मुदतीच्या 180 दिवस आधीपासून आपोआप नूतनीकरणाचा प्रयत्न होतो. पण यंत्रच वर्षभर बंद पडून असेल, तर कोण करणार? सार्वजनिक वेबसाइटच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्याने कमी होत असून 15 मार्च 2029 पासून ती 47 दिवसांवर येईल. कार्यालयातल्या अंतर्गत प्रमाणपत्रांना हा नियम लागू नाही. मात्र ज्यांनी बॅकअप यंत्राला वेबसाइटसारखे आपोआप बदलणारे प्रमाणपत्र लावले आणि दुसऱ्या टोकाला त्याचे फिंगरप्रिंट साठवले, त्यांची जोडणी दर नूतनीकरणाला तुटेल. अशा ठिकाणी सही करणाऱ्यावर विश्वास ठेवणारी पद्धत बरी.

आणखी एक किरकोळ वाटणारे कारण म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की संगणक काही वर्षे मागे जातो, आणि मग आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते. सर्ट-इनने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत संगणकांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितले आहे. त्याच निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग 180 दिवस ठेवणे बंधनकारक आहे. सेल मिळतो किरकोळ किमतीत.

खरी परीक्षा कधी?

समजा देहूरोडच्या कार्यालयातला मुख्य संगणक जळाला. दुसऱ्या दिवशी नवा आला, त्याला जुनेच नाव दिले आणि तळेगावच्या सर्व्हरकडे डेटा मागितला. सर्व्हर नकार देणार, कारण नाव तेच असले तरी खासगी की जुन्या डिस्कबरोबर गेली. सर्व्हरचे बरोबरच आहे. नव्या यंत्राला पुन्हा ओळख देण्यासाठी नेटबॅकअपसारख्या व्यवस्थेत प्रशासकाला एक टोकन काढावे लागते. ते कोण काढणार, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, तो माणूस सुट्टीवर गावी गेला असेल तर काय, हे त्या दिवशी शोधत बसायची वेळ येऊ नये.

नेमक्या याच घाईत कोणीतरी सुचवतो की प्रमाणपत्राची तपासणी तात्पुरती बंद करू. संगणक आगीत जळाला असेल तरी हे वाईटच, पण रॅन्समवेअरने गेला असेल तर फार वाईट, कारण घुसखोर त्या क्षणी आपल्याच नेटवर्कमध्ये बसलेला असू शकतो.

आणि बॅकअप सर्व्हरच गेला तर? नेटबॅकअप मुख्य सर्व्हरची ओळख एका वेगळ्या आपत्कालीन पॅकेजमध्ये ठेवतो. ते पासफ्रेजने बंद असते आणि पासफ्रेज नसेल तर ती ओळख त्यातून परत मिळत नाही. हे पॅकेज त्याच सर्व्हरवर ठेवणे व्यर्थ आहे.

या क्षेत्रातले जाणकार शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. व्हेरिटासचे मोठे विकास केंद्र अनेक वर्षे पुण्यात होते, तर क्लाउड बॅकअपमधली ड्रुवा 2008 मध्ये पुण्यातच सुरू झाली. लहान व्यावसायिकाला मात्र एक वहीही पुरेल. यंत्राचे नाव, फिंगरप्रिंट, मुदतीची तारीख, जबाबदार व्यक्ती एवढे त्यात लिहावे आणि मार्चअखेरच्या हिशेबाबरोबर विश्वासू यंत्रांची यादी तिच्याशी ताडून पाहावी. वर्षातून एकदा कोऱ्या संगणकावर एखादी फाइल परत आणून बघावी. पासफ्रेज कागदावर, पाकिटात, कार्यालयाच्या बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि लॉकरची किल्ली कोणाकडे आहे हे किमान दोघांना माहीत असावे.