रस्त्याकडेच्या गवताचे व्यवस्थापन : वाहतूक सुरक्षितता आणि जैवविविधता
(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गालगत, कागल व हातकणंगले तालुक्यांत कागल पंचतारांकित एमआयडीसी पसरली आहे. औद्योगिकीकरणात माळ, पडीक जमीन व बांध नाहीसे होतात. रस्ता आणि कारखान्याचे कुंपण यांमधील पट्टा हाच मग स्थानिक गवतांचा व त्यांवर जगणाऱ्या जीवांचा उरलेला आसरा ठरतो. हे गवत कोठे, केव्हा आणि किती कापावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सुरक्षिततेची बाजू :
भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत चालकाच्या डोळ्यांची उंची १.२ मीटर धरली जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन वेळीच थांबण्यासाठी सुमारे ८० मीटर रस्ता स्पष्ट दिसणे आवश्यक मानले जाते. चौकात किंवा कारखान्याच्या फाटकाशी पुरुषभर गवत वाढले, तर पाळी सुटल्यावर दुचाकीवरून बाहेर पडणारा कामगार अवजड वाहनाच्या चालकास दिसत नाही. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात, तेव्हा हा धोका वाढतो. कडेने पायी जाणाऱ्यास घोणस, फुरसे यांचे भय असते. उन्हाळ्यात वाळलेले गवत सहज पेट घेते. म्हणून गवत वाढू द्यावे, एवढेच म्हणून भागत नाही.

अधिवासाची बाजू :
सुगरण पावसाळ्यात गवताच्या पातींपासून घरटे विणते. मुनिया गवताचे बी खातात. टाकळ्यावर ‘कॉमन ग्रास यलो’ आणि रुईवर ‘प्लेन टायगर’ या फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात. कुसळीसारखी गवते पावसाळ्याच्या अखेरीस फुलोऱ्यावर येतात. त्यापूर्वी सरसकट कापणी झाल्यास बी धरत नाही आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गाजरगवत फोफावते. गाजरगवत केवळ कापल्याने मरत नाही. बुडातून फुटून पुन्हा फुलते. फुलोऱ्यानंतर कापल्यास बी सर्वत्र पसरते. म्हणजेच अवेळी केलेली ‘साफसफाई’ तणालाच साहाय्यभूत होते.

समतोलाचा मार्ग :
संपूर्ण पट्ट्यास एकच नियम लावण्याऐवजी त्याचे तीन भाग करणे इष्ट ठरेल.
१) डांबरी कडेपासून सुमारे दोन मीटर, तसेच चौक, वळणे, फाटके, पादचारी वाटा, बसथांबे व सूचनाफलक यांभोवतीचा भाग : पावसाळ्यात आवश्यक तितक्या वेळा कापावा. येथे सुरक्षिततेशी तडजोड नको.
२) मधला भाग : बी झडल्यावर, साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एकदाच कापावा. जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर खुंट राखावेत.
३) कुंपणालगतचा व ओढ्याकाठचा भाग : एका वर्षी निम्मा, दुसऱ्या वर्षी उरलेला कापावा.

यंत्र रस्त्याकडून कुंपणाकडे न्यावे, म्हणजे जीवांना वाहनांपासून दूर पळता येते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. म्हणून मार्च ते ऑगस्टमध्ये कापणीपूर्वी जागा पाहून घ्यावी. गाजरगवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. कापलेले गवत तेथेच कुजू दिल्यास जमीन सकस होऊन आक्रमक वाढीस वाव मिळतो. म्हणून ते उचलावे. आतील पट्ट्यातील स्वच्छ गवत वैरणीस देता येईल. सांडपाणी वा धुराळा पोहोचणाऱ्या जागेचे मात्र जनावरांना घालू नये. गवत पेटवणे सर्वथा टाळावे. त्यात कीटक व रोपे जळतात आणि धुराने रस्ताही दिसेनासा होतो.

अमेरिकेत २०१६ मध्ये सहा राज्यांनी ‘इंटरस्टेट ३५’ या महामार्गालगत मोनार्क फुलपाखरांसाठी अधिवास राखण्याचा करार केला. मोनार्कच्या अळ्याही रुईच्या कुळातील वनस्पतींवरच वाढतात, ही बाब येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
सुरक्षिततेसाठी लागणारी जागा अरुंद व निश्चित आहे. अधिवासासाठी उरणारी जागा त्याहून मोठी असू शकते. त्यामुळे हा प्रश्न एकाचा बळी देऊन दुसरे साधण्याचा नसून जागा व काळ यांच्या विभागणीचा आहे. त्यासाठी कापणीच्या कंत्राटात केवळ क्षेत्रफळ न नोंदवता पट्टा, महिना आणि उंची यांचा उल्लेख हवा. परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने कापणीपूर्वी व कापणीनंतर नोंदी ठेवल्यास, पुढील निर्णय अंदाजाऐवजी पुराव्यावर घेता येतील.