जटायूचे हालते पंख

एका शालेय संमेलनांत सीताहरणाचा प्रवेश पाहतांना आम्हांस मोठा खेद झाला. ऐन युद्धांत जटायूच्या पंखाची दोरी तुटली, पंख लोंबूं लागला, आणि रावणानें तलवार उपसण्यापूर्वींच प्रेक्षक हंसले. वेष घेतलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. आपल्या वरोऱ्याच्या पूर्वेस झाडीपट्टींत धानाची कापणी आटोपली कीं रात्र रात्र नाटकें रंगतात. अशा नाट्यप्रेमी मुलखांत जटायूचा मृत्यु हास्यास्पद होऊं नये, म्हणून मोटारीनें हालणारे पंख कसे करावे तें आम्ही येथें सांगतों.

मोटार मोठी घेतली म्हणजे काम साधलें, अशी नवशिक्यांची समजूत असते. वस्तुतः निम्में काम पंख हलका करण्यांतच आहे. एकाच जाडीच्या कामटीची लांबी दुप्पट केली, तर वजन दुप्पट होतें आणि त्या वजनाचा मध्यही खांद्यापासून दुप्पट दूर जातो; त्यामुळें ती उचलण्यास चौपट जोर लागतो. सबब पहिला पंख १ मीटरहून लांब नसावा. आपल्या रानांतील मानवेल बांबूच्या कामट्या खांद्याशीं जाड व टोंकाशीं बारीक तासाव्या, त्यांवर पातळ सुती कापड ताणावें आणि पिसें कागदाचीं लावावीं.

पंख अंगास न बांधतां, दप्तरासारखे पट्टे असलेल्या फळीस बिजागरीनें जोडावे. मोटारगाडीची कांच पुसणारी १२ व्होल्टांची मोटार या कामीं सोयीची. ती जोरकस असून सावकाश फिरते, आणि गिधाडाचे पंखही सावकाशच हालतात. तिच्या आंसापासून ३ सेंटिमीटरांवर खुंटी येईल अशी पट्टी आंसावर बसवावी. खुंटीपासून निघणारी दांडी पंखास बिजागरीपासून ६ सेंटिमीटरांवर जोडली, म्हणजे प्रत्येक फेऱ्यास पंख सुमारें ६० अंशांतून खालींवर होतो. पंखास वरून रबराचा पट्टा बांधल्यास मोटारीचा भार हलका होतो. मात्र तो इतकाच ताणावा कीं, दांडी सोडतांच पंख खालीं यावा.

मोटार व बॅटरी कमरेजवळ ठेवावी. बॅटरीच्या तारेंत फ्यूज असावाच. कारण पंख अडकला तर मोटार अधिक वीज ओढते व तापते. केंस किंवा वस्त्र फिरत्या भागांत सांपडूं नये म्हणून त्यावर झांकण घालावें. पालकांस आमची विनंति अशी कीं, फळी मुलाच्या पाठीवर चढविण्यापूर्वीं ती खुर्चीस बांधून पाव तास चालवून पाहावी.

शेवटीं, एका पंखाच्या दांडीची खीळ सहज उपसतां येईल अशी ठेवून तिची दोरी मुलाच्या एका हातांत, व मोटारीचें बटण दुसऱ्या हातांत द्यावें. रावणाचा वार होतांच त्यानें बटण बंद करावें व दोरी ओढावी. पंख तेव्हांही लोंबेल. पण तो योग्य क्षणीं लोंबेल, आणि कोणी हंसणार नाहीं.