बॅगा भरल्या, पण घर सोपवलं का?

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेल्या बाईच्या घरात शेवटच्या आठवड्यात पाऊल ठेवायला जागा नसते. दिवाणावर साड्यांच्या घड्या, टेबलावर मेतकूट, भाजणी आणि गोड्या मसाल्याच्या पिशव्या, मधोमध जबडा वासून पडलेल्या दोन बॅगा. यजमान हातात काटा घेऊन दर अर्ध्या तासानं बॅग उचलतात आणि "अजून दीड किलो जास्त!" असं जाहीर करतात. मग लाडवांचा एक डबा बाहेर येतो आणि कुणाचं लक्ष नाहीसं पाहून तासाभरानं परत आत जातो. नातेवाईक जेवायला बोलावतात, ओटी भरतात आणि निघताना "एवढं आमच्या भाच्याला द्याल ना?" म्हणून एक शिवलेलं पुडकं हातात ठेवतात. (आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय असं पुडकं घेऊ नये, मग रुसवा झाला तरी चालेल.)

या धांदलीत आठ दिवस कसे जातात ते कळत नाही. पण मैत्रिणींनो, हे आठही दिवस आपण जिकडे जायचं तिकडचा विचार करण्यात घालवतो. जे घर सहा महिने आपल्यावाचून चालायचं आहे, त्याच्या वाट्याला येतात ते विमानतळावर जाताना गाडीत दिलेल्या सूचनांचे दहा-पंधरा मिनिटं. "दूधवाल्याचा हिशेब पाच तारखेला," "आईंची संध्याकाळची गोळी जेवणाआधी," आणि यजमान "हो, हो" म्हणत पासपोर्ट तपासत असतात.

बॅगेपुरतं थोडक्यात सांगते. कढीपत्ता, ताजी फळं-भाज्या, रोपं आणि पेरायच्या बिया नेऊ नका. कढीपत्त्यावरून लिंबाच्या जातीच्या झाडांना मारक ठरणारी कीड जाते, म्हणून तिकडे तो चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पेट घेण्याजोगा माल समजला जातो, त्यामुळे विमानात टाकायच्या बॅगेतून त्या काढून घेतात. दुबईमार्गे जाणार असाल तर डिंकाच्या लाडवांत खसखस घालूच नका, कारण अमिरातीत तिला बंदी आहे आणि तिथला कायदा याबाबतीत कडक आहे. तिकडच्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांबद्दल विचारलं, तर जे आहे ते सरळ सांगावं. लपवलेलं सापडलं तर दंड होतो. सांगितलेलं फार तर टाकून देतात. एरवी हिंग, पोहे, आळीव, डाळी, सगळं तिथल्या भारतीय दुकानांतून मिळतं. तेव्हा त्या दीड किलोपायी आपला जीव आणि यजमानांचा खांदा दुखवून घेऊ नये.

खरी अडचण आहे ती आपल्या डोक्यात साठलेल्या घराची. सिलिंडर कितव्या दिवशी संपतो, पाण्याच्या टाकीची कळ कुठल्या बाजूला फिरवायची, कामवाल्या बाईंना किती उचल दिलेली आहे, सोसायटीची पावती कुठल्या खणात असते, आईंना कुठलं औषध दुधाबरोबर चालत नाही... हे कुठं लिहिलेलंच नसतं. विचारलं की आपण सांगतो, एवढीच त्याची व्यवस्था. आणि आता तर "रोज व्हिडिओवर बोलणारच आहोत की" या भरवशावर सांगायचंही राहून जातं. पण पुण्यात सकाळी अकराला भाजी फोडणीला घातली आणि गॅस संपला, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. बाळंतिणीच्या घरात त्या वेळी फोन खणखणून चालेल का?

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि यजमान बरोबर नव्हते. न्यूयॉर्कला पोचायला जूनची चार तारीख उजाडली. पत्रोत्तराला आठवडेच्या आठवडे लागत. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारीला, श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे त्यांनी लोकांना जाहीरपणे सांगितलं होतं. हा श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातला नव्हे, बंगालमधला. त्या काळी जे सांगायचं ते निघण्याआधीच सांगावं लागे. आपली गाठ यंत्राशी पडली आणि ही सवय मोडली.

तेव्हा निघायच्या दहा-बारा दिवस आधी एक शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइल तुमच्याबरोबर जाणार आहे! आणि तोच पहिला घोटाळा. गॅसच्या नोंदणीला नंबर तुमचा असेल, तर सिलिंडर घेऊन आलेला माणूस जो आकडा विचारतो तो येणार तुमच्या फोनवर, म्हणजे अमेरिकेत. बँकेचं तेच, विजेच्या बिलाचंही बहुधा तेच. निघण्यापूर्वी गॅसचा नंबर बदलून यजमानांचा द्या. बँकेशी जोडलेलं सिमकार्ड चालू राहील आणि परदेशात त्यावर संदेश येतील, अशी सोय इथूनच करून घ्या. तिथं गेल्यावर ती करणं फार जिकिरीचं होतं. पेन्शन असेल तर परतीची तारीख पाहा. हयातीचा दाखला साधारणपणे नोव्हेंबरात द्यायचा असतो. तेव्हा तुम्ही तिकडेच असाल, तर तो कसा पाठवायचा ते आपल्या बँकेत आताच विचारून ठेवा. बँकेचं खातं एकट्याच्या नावावर असेल तर दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असं करून घ्यावं. लॉकरची किल्ली कुठं आहे हे घरातल्या दुसऱ्या एका तरी माणसाला माहीत असावं.

वहीत मोठमोठी वाक्यं नकोत. एका पानावर फोन नंबर: प्लंबर, वायरमन, औषधाचं दुकान, डॉक्टर, वरच्या मजल्यावरच्या वहिनी. एका पानावर महिन्याच्या तारखा. एका पानावर आईंची औषधं, सकाळ-दुपार-रात्र अशी, आणि गोळीचा रंगसुद्धा. चष्मा हाताशी नसताना रंगच उपयोगी पडतो.

पण नुसतं लिहून भागत नाही. निघायच्या चार दिवस आधी स्वयंपाकघराचा ताबा देऊन टाका आणि बाहेर खुर्ची टाकून बसा. कुकरला किती पाणी, मिसळणाचा डबा कुठला, जिरं कुठलं आणि ओवा कुठला, हे यजमानांना त्यांचं त्यांना सापडू दे. पहिल्या दिवशी आमटी खारट होईल. काही बोलू नका! माझ्या पाहण्यातल्या एका घरी सत्तरीच्या काकांनी अशा चार दिवसांत भात, मुगाची खिचडी आणि पिठलं एवढं पक्कं केलं. पोळीभाजीचा डबा लावला आणि सहा महिने व्यवस्थित काढले. काकू परत आल्यावर ते म्हणाले, "तुझा तिखटाचा डबा चुकीच्या जागी होता, मी हलवलाय." काकूंना राग आला की बरं वाटलं, ते त्यांनाही सांगता येईना.

एप्रिल-मेमध्ये निघून ऑक्टोबरात परतणार असाल, तर मधे गौरी-गणपती येतात. आपल्याकडे खड्याच्या गौरी की मुखवट्याच्या, पहिल्या दिवशी कुठली भाजी, दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य की घावन-घाटलं, दोरे कुणाच्या हातून घ्यायचे, हे एकेका घराचं निराळं असतं आणि ते फक्त सासूला किंवा सुनेला ठाऊक असतं. जाऊबाईंकडे गौरी बसवायच्या का, की या वर्षी घरच्या घरी साधा नैवेद्य, हे मोठ्यांना विचारून आधीच ठरवावं. फोनवर ठरवायला गेलं की त्यातून मानापमान निघतात. सासूबाई सांगत असतील तर कुळाचार त्यांच्या तोंडून त्याच वहीत उतरवून घ्या. म्हातारी माणसं हे फार आनंदानं सांगतात आणि त्या निमित्तानं आपलं त्यांच्याजवळ तासभर बसणं होतं.

हे बसणं आणखी एका कारणासाठी हवं. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस मागे राहणार असेल, तर प्रत्येकाच्या मनात एक विचार येतो आणि कुणी तो उच्चारत नाही. निघायच्या वेळी अशुभ कशाला बोलायचं, असं आपल्याला वाटतं. पण मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट विमानही पंधरा-सोळा तास घेतं. तिकीट मिळवणं, विमानतळ, पुढचा प्रवास हे धरलं तर घरी पोचायला दीड-दोन दिवस लागतात. मग रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुठल्या इस्पितळात न्यायचं? १०८ ला फोन कोण करणार? विम्याचं कार्ड कुठं आहे? पैसे कोण भरणार? आणि वेळ आलीच, तर आपल्यासाठी थांबायचं की नाही? हे प्रश्न यजमान, दीर-नणंदा आणि आपण मिळून एकदा बोलून घ्यावेत. पुष्कळदा म्हाताऱ्या माणसांनाच हे बोलायचं असतं, आपणच त्यांना "असं काही बोलू नका हो" म्हणून गप्प करतो. त्यांनी "माझ्यासाठी थांबू नका, तू तिकडे पोरीचं नीट कर" असं म्हटलं, तर डोळे पुसून ते ऐकून घ्यावं. ते शब्द पुढे आपल्यालाही लागतात, आणि मागे उरलेल्या माणसांना तर निर्णय घेताना फारच आधार देतात. ही गोष्ट शेवटच्या रात्रीवर मात्र ठेवू नका. आठवडाभर आधी बोलावं, म्हणजे नंतरचे दिवस पुन्हा हसण्या-बोलण्यात जातात.

दोघंही जाणार आणि घर बंद राहणार असेल, तर काम निराळं. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवा. रेग्युलेटर बंद, पाण्याची मुख्य कळ बंद. डाळ-तांदूळ वाटून टाका. पावसाळाभर बंद घरात ठेवून किडे पोसण्यात अर्थ नाही. पूर्वी प्रवासाच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या वेळी सुपारी-नारळ किंवा एखादं वस्त्र शेजारी नेऊन ठेवत. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणत. आता त्याच शेजाऱ्यांकडे घराची किल्ली ठेवावी, आणि तुळशीची कुंडीही.

निघायच्या दिवशी नवी यादी करू नका. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, खांद्यावरच्या पिशवीत; चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपली व्यापारी नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. आपलं पॅरासिटॅमॉलसुद्धा तिकडे ॲसिटामिनोफेन या नावानं विकतात. गुडघे दुखत असतील तर चाकांची खुर्ची विमान कंपनीला आधी कळवून मागा, त्यात कमीपणा नाही. जावयाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. दही हातावर घ्या, मोठ्यांच्या पाया पडा, "येते" म्हणा. तिथं उतरल्यावर किती दिवस राहायचं ते व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही, विमानतळावरचा अधिकारी देईल त्या तारखेवरून ठरतं. ती तारीख मुलीकडून नीट पाहून घ्या आणि घरी फोन करून यजमानांना स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तिच्याभोवती लाल पेनानं गोल काढायला सांगा.