नवदांपत्यांची सहल आणि लाड बाजाराची तिजारत

मराठवाड्यातील पुष्कळ घरांत निकाहानंतर मुलगा-सून चार दिवस हैदराबादला जाऊन येतात. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेडहून थेट रेल्वे आहे, जबान ओळखीची आहे. या सहलीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

जोडप्यांचा फेरा साधारण ठरलेला असतो. गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवायची आणि ती वर बाला हिसारला ऐकू येते की नाही ते पाहायचे. सालारजंग संग्रहालयात (शुक्रवारी बंद) ठोके देणाऱ्या घड्याळासमोर उभे राहायचे. संध्याकाळी हुसेन सागरात होडीतून १९९२ साली उभारलेल्या बुद्धमूर्तीपर्यंत जायचे. या तिन्ही ठिकाणी तिकिटाखेरीज फारसा पैसा सुटत नाही.

पैसा सुटतो तो चारमिनारपाशी. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली बांधलेली ही इमारत पाहून जोडपे खाली उतरते, आणि पश्चिमेला चार पावलांवर लाड बाजार सुरू होतो. नव्या नवरीला येथून बांगड्या घेतल्याशिवाय परतणे कठीणच.

या धंद्याची खुबी तीन गोष्टींत आहे. पहिली, माल लहान आहे, पिशवीत मावतो. दुसरी, काम डोळ्यांसमोर चालते. कारागीर लाख निखाऱ्यावर मऊ करतो, वळून कडे बनवतो आणि त्यात खडे, आरसे हाताने बसवतो. हे पाहिलेले गिऱ्हाईक फारशी घासाघीस करीत नाही. तिसरी, नाव. २०२४ साली हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मानांकनाचा फायदा दुकानदारापाशी थांबून खडे बसविणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला नाही, तर पुढची पिढी निखाऱ्यापाशी बसणार नाही.

एक दोषही सांगितला पाहिजे. पर्यटकांच्या बाजारात दलाल गिऱ्हाईक आणतो आणि त्याची दलाली किमतीत चढते. नकली मोती अस्सल म्हणून विकणारेही भेटतात. मालाचा ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. शिवाय फसलेले जोडपे गावी जाऊन दहा घरांत सांगते.

आपल्याकडे बीबी का मकबरा आहे, हिमरू आहे, पैठणी आहे. मकबरा पाहायला येणाऱ्या जोडप्याला पूर्ण शाल परवडली नाही तर हिमरूचा बटवा, रुमाल परवडेल. हातमाग दुकानाच्या दर्शनी भागात चालू ठेवावा. यंत्रावरचा माल यंत्रावरचा म्हणूनच विकावा आणि चिठ्ठीवर विणकराचे नाव लिहावे. एवढे केले तर सहलीला आलेले गिऱ्हाईक मुलांच्या लग्नाची खरेदीही आपल्याकडेच करील, इन्शाअल्लाह.