सोरोरिटी म्हणजे काय गं ताई?

टीव्ही रूममध्ये इंग्लिश पिक्चर लागला की ‘सोरोरिटी’ हा शब्द हमखास कानावर येतो. पिक्चरमध्ये नुसत्या पार्ट्याच दिसतात, पण मंडळी, मूळ भानगड वेगळी आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलांच्या ‘फ्रॅटर्निटी’ असत. तिथे मुलींना बरोबरीने घेईनात, म्हणून १८७० मध्ये इंडियानात बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी ‘कप्पा अल्फा थीटा’ काढली. (ग्रीक अक्षरं बघून मॅथ्सचा पेपर आठवला ना?) ‘सोरोरिटी’ हा शब्द मागाहूनचा, १८८२ चा, लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. डिग्री झाली तरी नातं सुटत नाही, गावोगावी माजी मुलींचे गट चालतात.

खरी गंमत पुढे आहे. १८८१ मध्ये बोस्टनला १७ पदवीधर बायका जमल्या आणि त्यांनी वेगवेगळ्या कॉलेजांतल्या माजी विद्यार्थिनींची संघटना काढायचं ठरवलं. त्यांत एमआयटीची पहिली महिला पदवीधर एलेन स्वॅलो रिचर्ड्स होती. जास्त शिकलं की बायकांची तब्येत बिघडते, असं तेव्हा मोठमोठे डॉक्टर छातीठोकपणे सांगत. या बायांनी पदवीधर मैत्रिणींना प्रश्नावल्या धाडल्या आणि १८८५ मध्ये आकडे छापून ते खोटं पाडलं. याला म्हणतात डेटा!

आपल्याकडे ग्रीक अक्षरं नव्हती, बहिणी मात्र होत्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं. त्यासाठी अमेरिकेतली ‘रमाबाई सर्कल’ वर्गणी पाठवत. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजेच पुढच्या बाया कर्वे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात शिकली, तिथेच कामाला राहिली आणि गावोगाव भाषणं करून आश्रमासाठी पैसे जमवू लागली. १९१८ मध्ये तर त्या अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. माजी विद्यार्थिनी असावी तर अशी! त्याच संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज काढलं.

आता आपलं बघा. कऱ्हाकाठच्या कितीतरी मुली घरातल्या पहिल्या इंजिनिअर. फायनल इयरला घरी स्थळं बघायला सुरुवात होते, तेव्हा नोकरी करणाऱ्या एखाद्या सीनियर ताईने वडिलांना फोन केला तर फरक पडतो, हे मी दोन रूममेट्सच्या बाबतीत पाहिलंय. पण ताई सापडणार कशी? लग्नानंतर आडनाव बदलतं, नंबर बदलतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग. म्हणून रेक्टर मॅडमच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जाणाऱ्या प्रत्येकीने माहेरचं आडनाव, ब्रँच, बॅच आणि घरचा कायमचा पत्ता लिहायचा. आजवर ४१ नावं झालीत.