शब्द राहिले, चाल गेली

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आमच्या श्रीपूरच्या कारखान्यावरून बोरगावकडे जाते. पालखी दिसेनाशी झाली की आई उंबऱ्यावर बसून पंढरीच्या ओव्या म्हणायची. शाळेत असताना मी त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. आई गेल्यावर वही उघडली. शब्द न शब्द जागेवर होता, पण एकही ओवी मला म्हणता येईना. चाल लिहायची राहूनच गेली होती.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. छापलेली ओवी दोन-अडीच ओळींची दिसते. जात्यावर बसलेली बाई मात्र ती तशी म्हणत नाही. अर्धी ओळ म्हणून थांबते, तीच पुन्हा घेते, मध्ये 'गं बाई' घालते. समोरची जोडीदारीण शेवटचे शब्द उचलते. दगडाचा फेरा आणि बाईचा श्वास यांवर ओवीची लांबी ठरते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये हजारो ओव्या जपल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे गावोगावचं धन ग्रंथांत आणलं. त्यांचे उपकार मोठेच. पण कागदावर गळा उतरत नाही.

रशियातल्या अभ्यासकांपुढेही हाच प्रश्न होता. क्रांतीच्या आधीच येवगेनिया लिन्योवा या बाईंनी फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घातली. शेतकरी एका सुरात गात नाहीत, प्रत्येक गळा आपली वेगळी वाट काढतो, हे त्यांनी यंत्रानिशी दाखवलं. सोव्हिएत काळात, १९२७ साली, लेनिनग्राडचे येवगेनी गिप्पियस आणि झिनाइदा एवाल्द उत्तरेकडच्या पिनेगा नदीकाठी मेणाच्या नळकांड्या घेऊन गेले. एका नळकांडीवर जेमतेम दोन-चार मिनिटं मावत. लांबलचक गाणं अर्ध्यावरच तुटे. तरी मूळ आवाज राहिला. त्यांनी उभारलेला ध्वनिसंग्रह आजही सेंट पीटर्सबर्गच्या पुश्किन हाउसमध्ये आहे. पुढे तिकडे राज्यकर्त्यांच्या स्तुतीची नवी 'लोकगीतं' रचून घेण्याचाही काळ आला. जुन्या नळकांड्या होत्या म्हणून अस्सल काय ते ताडून पाहता येतं.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी. मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायकांशी बोलता बोलता त्यांना ओव्यांचा झरा सापडला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल सोबतीला आले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. त्या कोणत्याही सरकारने रचायला सांगितल्या नव्हत्या. जुन्या चालीत बायकांनी स्वतःचा इतिहास भरला होता. पॉइटवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्या. २०१७ पासून 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह या ओव्या आवाजासह इंटरनेटवर देतो आहे.

पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या हातांना विसावा मिळाला. त्याबद्दल हळहळ नको. पहाटे उठून दळण्याचे कष्ट ज्यांनी काढले, त्यांना विचारा. पण ज्यांच्या गळ्यात ती चाल आहे, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. आज खिशातल्या मोबाइलमध्ये तासन्‌तास आवाज मावतो. घरातल्या आजीला, आत्याला ओवी म्हणायला सांगा. जातं असेल तर त्याच्यापाशी बसवा. हात फिरू लागला की विसरलेलं आठवतं. तिचं नाव, माहेरचं गाव, तारीख आणि ओवी कुणाकडून शिकली, एवढं तिच्याच तोंडून वदवून घ्या.

माझ्याकडे वही आहे. तुमच्याकडे अजून आवाज असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)