शस्त्रांच्या संरक्षणासाठी तेल व मेण यांची निवड : कोकणातील दमट हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना

खंडेनवमीच्या दिवशी भिवंडीजवळच्या कामतघर परिसरात यंत्रमागांची पूजा होते, त्याच दिवशी अनेक घरांत पिढीजात तलवार वा बंदूकही पाटावर मांडली जाते. हळदकुंकू, ओल्या अक्षता व झेंडूची फुले वाहून शस्त्राचा सन्मान होतो आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच म्यानात वा गवसणीत परत जाते. पात्यावर राहिलेला ओलावा, फुलांचा रस व हातांचा घाम यांतून गंजाचे ठिपके उमटतात. ते खरवडून काढताना धातूबरोबर त्यावरील कोरीव अक्षरे, मुद्रा व कोफ्तगरीही नष्ट होते. शस्त्रावरील नाव वा सनावळी एकदा पुसली गेली की ती परत मिळवता येत नाही. त्यामुळे संरक्षक लेपाची निवड हा इतिहासाच्या साधनांच्या जतनाचाही प्रश्न ठरतो. वस्तुसंग्रहालये, खासगी संग्राहक, परवानाधारक शेतकरी आणि राष्ट्रीय छात्रसेनेची पथके असणारी महाविद्यालये या सर्वांशी तो निगडित आहे.

गंजाची कारणमीमांसा

लोखंड गंजण्यासाठी प्राणवायू व पाणी या दोहोंची आवश्यकता असते. पाणी थेंबाच्या रूपात दिसावे लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० ते ६५ टक्क्यांच्या वर गेली की पोलादाच्या पृष्ठभागावर बाष्पाचा अदृश्य थर साचतो व गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर मीठ असेल तर याहून कमी आर्द्रतेतही ही क्रिया सुरू होते. ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता ही मर्यादा बहुतेक वेळ ओलांडते, आणि खाडीकाठच्या हवेत क्षारांचीही भर पडते. शिवाय गंजाचा थर सच्छिद्र असून तो स्वतःच ओलावा शोषतो. म्हणूनच एकदा लागलेला गंज आपोआप थांबत नाही, तो आतवर उतरत जातो.

नळीला दिलेली निळी-काळी झाक हा लोहाच्या ऑक्साइडाचाच पातळ थर असतो. तो तेल धरून ठेवतो, परंतु एकटा गंज रोखू शकत नाही. तेल वा मेण यांचे कार्य धातू व हवा यांच्यात अखंड पडदा निर्माण करणे हे होय.

वनस्पतिजन्य तेलांच्या मर्यादा

परंपरेने खोबरेल, मोहरीचे वा तिळाचे तेल शस्त्रांना लावले जात असे. तत्कालीन उपलब्धतेचा विचार करता ते स्वाभाविकच होते. तथापि या तेलांत मुक्त मेदाम्ले असतात व तेल खवट होत जाते तशी ती वाढतात. ही आम्ले पितळ व तांबे यांवर हिरवट थर आणतात. मोहरीचे तेल हवेच्या संपर्कात हळूहळू घट्ट होऊन चिकट किटण धरते, त्यामुळे चाप व खटका अडखळतात. खोबरेल साधारणतः २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, त्यामुळे ते यंत्रणेचे वंगण म्हणून भरवशाचे नाही.

जवसाच्या तेलाचा गुणधर्म वेगळा आहे. ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कठीण पापुद्रा बनते. त्यामुळे लाकडी दस्त्यासाठी ते उपयुक्त, परंतु यंत्रणेसाठी सर्वथा निषिद्ध ठरते. या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून ठेवल्यास ऑक्सिडीकरणाच्या उष्णतेने ती आपोआप पेट घेऊ शकते. सूत व कापड यांचे साठे असणाऱ्या भिवंडीसारख्या ठिकाणी ही बाब विशेष लक्षात ठेवली पाहिजे. अशा चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात अथवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खनिज तेले

शुद्ध खनिज तेल खवट होत नाही, पापुद्रा धरत नाही आणि सांध्यांच्या आतपर्यंत पोहोचते. गंजरोधक द्रव्ये मिसळलेले शस्त्रतेल त्याहून अधिक परिणामकारक असते. भारतीय सैन्यात व छात्रसेनेत चिंधी ओढून नळी साफ करण्याची पद्धत रूढ आहे. कोरड्या सफाईची चिंधी ४ इंच लांब व २ इंच रुंद असते, तर तेल देण्याची तेवढीच लांब पण दीड इंच रुंद असते. या फरकामागे कारण आहे. रुंद चिंधी नळीत घट्ट बसून मळ खेचून आणते. अरुंद चिंधी तेल पिळून न टाकता त्याचा पातळ थर मागे सोडते.

डब्ल्यूडी-४० या लोकप्रिय द्रव्याविषयी मात्र गैरसमज आढळतो. १९५३ मध्ये अमेरिकेत ते पाणी हटविण्यासाठी तयार झाले व त्याचे नावही त्याच कार्यावरून पडले. भिजलेल्या शस्त्रातील पाणी काढण्यास ते योग्य आहे. परंतु त्यातील द्रावक उडून गेल्यावर उरणारा थर अतिशय पातळ असल्याने पावसाळाभराच्या साठवणीसाठी ते पुरेसे नाही.

तेलाचे दोषही नोंदविले पाहिजेत. ते गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते, हाताळताना पुसले जाते आणि धूळ व सुताचे तंतू धरून ठेवते. दस्त्यात झिरपल्यास लाकूड मऊ व काळे पडते. नळीत साचलेले जादा तेल तसेच ठेवून बार काढल्यास दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो.

मेणाचे कार्य

मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांवर वितळते. परंतु ते किंचित आम्लधर्मी आहे. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांवर वितळते व अधिक कठीण असते. पेट्रोलियमपासून मिळणारे सूक्ष्मस्फटिकी मेण रासायनिकदृष्ट्या उदासीन असल्याने वस्तुसंग्रहालयांत त्यास प्राधान्य मिळाले. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात विकसित झालेले ‘रेनेसाँ वॅक्स’ याच जातीचे असून त्यात पॉलिथिलीन मेणाचाही अंश असतो. मेणाचा थर कोरडा राहतो, धूळ धरत नाही, बोटांचे ठसे धातूपर्यंत पोहोचू देत नाही आणि आवश्यकता भासल्यास द्रावकाने काढता येतो. मात्र मेण वंगणाचे काम करत नाही व सांध्यांत शिरत नाही.

लेपापूर्वीची स्वच्छता

कोणताही लेप मळावर लावल्यास तो मळच जतन करतो. काळ्या दारूच्या ज्वलनातून पोटॅशियमचे क्षार उरतात. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड तयार होते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यामुळे तेलाचा थर वरून चकचकीत दिसत असतानाही नळी आतून खात जाते. .३०३ रायफलच्या नळीत उकळते पाणी ओतण्याचा सैनिकी नियम यातूनच आला. गरम पाण्याने क्षार काढणे, नळी पूर्ण कोरडी करणे व त्यानंतरच तेल देणे हा क्रम बदलता येत नाही. तोड्याच्या बंदुकीत रंजकाची जागा व कान यांत हे क्षार सर्वाधिक साचतात. अर्थात, या सर्व क्रियांपूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करणे ही पहिली पायरी होय. पिढीजात ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिल्याची शक्यता गृहीत धरावी व शंका असल्यास जाणकाराकडूनच तपासणी करून घ्यावी.

साठवण

चामड्याचे म्यान व कापडी गवसणी ओलावा आणि आम्ले धरून ठेवतात. म्हणून शस्त्र व म्यान वेगवेगळे ठेवावे. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नये, कारण त्यामागे बाष्प अडकते. बंद कपाटात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी तापवून वाळवावे. पावसाळ्यात दर पंधरवड्यास व पूजेनंतर त्याच दिवशी शस्त्र पुसून तपासावे.

निष्कर्ष

तेल व मेण परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. वापरातील शस्त्राच्या नळीस व यंत्रणेस गंजरोधक खनिज तेलाचा पातळ थर, बाह्य धातूस सूक्ष्मस्फटिकी मेण आणि नव्या दस्त्यास जवसाचे तेल ही विभागणी इष्ट ठरते. केवळ प्रदर्शनात वा संग्रहात राहणाऱ्या शस्त्रास मेण श्रेयस्कर. पुराणवस्तूच्या दस्त्यावर जवसाचे तेल टाळावे, कारण त्याचा पापुद्रा पुढे काढता येत नाही. लेप महाग असण्यापेक्षा पृष्ठभाग क्षारमुक्त व कोरडा असणे आणि पाहणी नियमित असणे यांस अधिक महत्त्व आहे. पूजेनंतर कोरड्या मऊ कापडाने पाते पुसून त्यास लेप देणे हा विधीचाच शेवटचा भाग मानला गेला, तर कोकणातील अनेक घरांतील कोरीव नावे पुढील पिढ्यांना वाचता येतील.